हिवकळीचा कौल

हिवकळी म्हणजे बांडगूळ नव्हे. हे वाक्य मी आजवर इतक्यांदा म्हटलंय की माझ्या तेराव्यालाही कुणीतरी ते म्हणेल अशी मला खात्री आहे. बांडगूळ झाडाच्या सालीत मुळं घुसवून त्याचा रस पितं. हिवकळी झाडावर नुसती बसते. तिची पांढरी, स्पंजासारखी मुळं हवेत लोंबतात, धुकं पितात, सालीच्या भेगेत साचलेल्या पाल्यातून चार कण उचलतात. झाडाच्या रसाचा एक थेंबही ती घेत नाही. तरी आमच्या हिरडेवाडीत दरवर्षी कोणीतरी शहाणा ‘बांडगुळं साफ करतो’ म्हणून कोयता घेऊन झाडावर चढायचाच. आंब्याजांभळांवरची हिवकळी अशीच संपली. उरली ती फक्त वाघजाईच्या राईत, कारण राईत कोयता चालत नाही. तिथली पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही असा दंडक आहे.

वाघजाईचे गुरव म्हणजे माझे वडील, आबा. मी त्यांची एकुलती एक, ऋतुजा. घाट उतरून तालुक्याला आलं की वनस्पती संशोधन केंद्र लागतं, तिथं मी काम करते. गुरवाची पोर देवाचं सोडून झाडांच्या मागं लागली, असं गाव म्हणायचं. आबा म्हणायचे, दोन्ही एकच.

राईत वाघजाईची मूर्ती नाही, तांदळा आहे. तांदळा म्हणजे जमिनीतून वर आलेला, न घडवलेला दगड. त्यावर सणावाराला चांदीचा मुखवटा चढवतात. गावाला मोठा प्रश्न पडला की या तांदळ्याला कौल लावायचा. एकाच कांडीवरची, म्हणजे एकाच फुलदांड्यावरची, हिवकळीची दोन फुलं पाण्यात बुडवून, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या खांद्यावर चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. दुसरं फूल चालत नाही. मधे एकदा झेंडू लावून पाहिला, दोन्ही फुलं बरोबरच पडली आणि गावात वर्षभर भांडण चाललं.

पुढं हिवकळी फुलायचीच थांबली. त्याचं कारण सोपं आहे. ती इतर झाडांसारखी दिवसा श्वास घेत नाही. दिवसा पानांची रंध्रं मिटून घेते, म्हणजे पाणी उडत नाही, आणि रात्री गारवा झाला की ती उघडते. सलग बऱ्याच रात्री कडक थंडीच्या आणि कोरड्या गेल्या, तरच तिला कळतं की माघ आला, कळी धरायला हवी. आमच्याकडच्या रात्री थंड व्हायच्या थांबल्या. माझ्या लहानपणी माघात राईत गेलं की तोंडातून वाफ निघायची. आता माघातही पंखा लागतो. झाड मरत नव्हतं, पण फुलतही नव्हतं, आणि गावाच्या भाषेत आईनं, म्हणजे वाघजाईनं, तोंड मिटलं होतं.

एका वादळात हिरड्याची एक फांदी मोडून राईच्या बांधाबाहेर पडली. तिच्यावर हिवकळीचं एक जून झाड होतं. आबा अर्धा दिवस त्या फांदीजवळ बसून राहिले. मग ‘बांधाच्या भाईर पडली, मंजी आईनंच दिली’ असा निकाल देऊन त्यांनी ती ओल्या पोत्यात गुंडाळली आणि बसनं माझ्याकडं घेऊन आले.

“जगवशील?” त्यांनी विचारलं.

“जगवेन. फुलवायचं मात्र अवघड आहे.”

“जगलं तर फुलंल बी कवातरी,” आबा म्हणाले आणि त्याच बसनं परत गेले.

तिच्यासाठी आम्ही बांधलं ते रात्रघर. फ्रीजसारखं थंड कपाट करणं काही मोठी गोष्ट नाही, पण तसल्या थंडीत हिवकळी कुजते. आमच्या यंत्राची करामत वेगळी होती. पानाला एक नखाएवढी पट्टी चिकटवलेली असते. झाडानं श्वास किती घेतला, रंध्रं केव्हा उघडली, केव्हा मिटली, हे ती पट्टी यंत्राला सांगते आणि त्याप्रमाणे यंत्र थंडी, धुकं आणि वारा कमीजास्त करतं. म्हणजे रात्र झाडाच्या तंत्रानं चालते. बाकीची देखभाल हातानंच करायची. कुंडी नाही, माती नाही. हिरड्याच्या सालीवर झाड बांधायचं आणि ते टांगायचं. मूळ पांढरं दिसलं तर पाणी द्यायचं, हिरवं असलं तर नाही. तेही सकाळी. संध्याकाळी लाडानं पाणी घालणाऱ्यांची झाडं बुंध्यात सडतात. थंडीत तर जवळजवळ उपाशीच ठेवायचं. माझ्या हाताखालच्या दोघांना हे उपाशी ठेवणं शेवटपर्यंत जमलं नाही.

पहिला बहर आला तेव्हा मी आबांना बोलावून घेतलं. ते दारातच थबकले. खांद्यावरची घोंगडी त्यांनी अंगाभोवती ओढून घेतली.

“भाईर उकडून जीव चाललाय, आन हितं माघ लागलाय की गं,” ते म्हणाले. मग फुलांकडं बघत कितीतरी वेळ उभे राहिले. पांढरी फुलं, कडेला पुसटशी जांभळी झाक. आबांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्यांना लाज वाटली नाही. मला मात्र त्या क्षणी जगातली सगळी पारितोषिकं मिळाल्यासारखं वाटलं.

पहिला बहर आईला नुसता वाहायचा असतो, त्याला प्रश्न विचारायचा नसतो. तो आबा घेऊन गेले. चार फुलं माझ्याकडं उरली, आणि मी गुरवाची पोर. एक काळा दगड ओला करून मी फुलं त्यावर चिकटवून पाहिली. निव्वळ खेळ. पण खेळता खेळता एक गोष्ट लक्षात आली. ज्या फुलांना पुरी थंडी मिळाली होती ती पटकन घसरून पडायची. दाराजवळच्या कांडीवरची, जरा कमी थंडीतली, चिकटून राहायची. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर कारण समोरच होतं. थंडीत पाकळीवर मेणाचा जाड थर धरतो आणि त्याच्यावर पाणी टिकत नाही. थंडी कमी पडली की मेण पातळ, पाकळी ओली होते, दगडाला धरून बसते. जांभळी कड ही पुऱ्या मेणाची खूण. पारखी नजरेशिवाय ती दिसायची नाही.

हे मी इंदूकाकींना हसत हसत सांगितलं. इंदुमती शेलार, आमच्या गावच्या सरपंच. कामासाठी तालुक्याला आल्या की माझ्याकडं चहा प्यायला येतात. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला.

“मंजी कौल कुटला पडायचा, ते तुला आधी ठावं असतंय?”

“फुलं कुठली ते माहीत असेल तर, हो.”

चैत्रात पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी विषय काढला. गावामागचा डोंगर सरकत होता. भूगर्भवाल्यांनी भेगांमध्ये मोजपट्ट्या बसवल्या होत्या आणि त्यांचं म्हणणं स्वच्छ होतं: येत्या पावसात डोंगर खाली येणार, त्याआधी गाव हलवा. घाटाखाली जागा दिली होती, घरं उभी होती. आदल्या वर्षी काही कुटुंबं नेली तर पंधरवड्यात परत आली. आईनं ऊठ म्हटलेलं नाही, तर उठायचं कसं? गाव कौलासाठी अडून बसलं होतं.

“माझ्या भितीत मूठ जाईल एवढी चीर पडलीया,” इंदूकाकी म्हणाल्या. “सून पोटुशी हाय. ती म्हणती, आईच्या कौलाबिगर न्हाई जायचं. म्या तिला वढत न्हेऊ?”

“दोन्ही फुलं एकाच कांडीची लागतात, काकी. एका कांडीला एकच थंडी मिळते. हवा तो कौल पाडता यायचा नाही.”

“तुला न्हाई येत?”

मला येत होतं, तिथंच सगळी गोची होती. केंद्रात एक बारीक चिमटा होता, कळीच्या देठाला लावायचा. रात्री तो त्या एकाच कळीला किंचित ऊब देतो. वरच्या कळ्यांना चिमटे लावले तर एकाच कांडीवर खाली मेणाची फुलं, वर बिनमेणाची. आणि आमची रीत अशी की खालचं फूल उजव्या खांद्याला, टोकाचं डाव्या खांद्याला.

इकडे आड तिकडे विहीर. आबांनी जन्मभर त्या दगडाशी खोटेपणा केला नव्हता. दुष्काळात पोटाला चिमटा बसला तरी नैवेद्यातला घास आधी खाल्ला नव्हता. ज्या झाडाला त्यांनी पोत्यात गुंडाळून माझ्या हवाली केलं, त्याच झाडाला मी चिमटे लावायचे? आणि नाही लावले तर डावा कौल पडायची शक्यता अर्धी, आणि गावात दोनशेवर माणसं. इंदूकाकी गेल्यावर मी रात्रघरात गेले आणि चिमटे लावले.

वैशाखात हिवकळी फुलली. कांडी ओल्या फडक्यात ठेवून मी राईत नेली. सगळं गाव जमलं होतं, कडेवरच्या पोरांपासून काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत. आबांनी तांदळ्याला पाणी घातलं, मुखवटा बाजूला काढून ठेवला आणि माझ्याकडं हात पसरले.

“एकाच कांडीची ना?”

“हो आबा.”

ते खरंच होतं. आबांनी खालचं फूल उजवीकडं लावलं, टोकाचं डावीकडं, आणि खणखणीत आवाजात विचारलं, “आई, तुझ्या लेकरांनी हितनं उठावं का?”

उजवं फूल घसरलं, तांदळ्याच्या पोटाशी थांबलं आणि खाली पडलं. मग बायका रडायला लागल्या. इंदूकाकींची सून सगळ्यांत मोठ्यानं. इंदूकाकींनी माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. गावानं त्याच दिवशी बांधाबांध सुरू केली. दोन दिवसांत ट्रॅक्टर भरले. माणसं उंबऱ्याला हात लावून निघत होती, पण निघत होती.

शेवटच्या सकाळी आबांना आणायला मी राईत गेले. मुखवटा त्यांनी फडक्यात बांधून ठेवला होता. तांदळा काही उचलता येणार नव्हता.

“मुखवटा जाईल गावासंगं,” ते म्हणाले. “पर आई तर हितंच हाय. तिला एकलं टाकून म्या जायचं का, ते इचारतो.”

कांडीवरची उरलेली फुलं ताम्हनात होती. गुरव स्वतःसाठी कौल लावतो तेव्हा फूल निवडायचं नसतं, डोळे मिटून उचलायचं असतं. माझ्या तोंडातून शब्द फुटेपर्यंत आबांनी डोळे मिटले होते. त्यांच्या दोन्ही हातांत दोन फुलं होती. उजव्या हातातलं सगळं पांढरं. डाव्या हातातल्याला जांभळी कड. डोळे न उघडताच त्यांनी ती तांदळ्याच्या दोन खांद्यांवर चिकटवली.

ते डावं फूल पडायच्या आधीच मला माहीत होतं की ते पडणार. ते पडलं. आबांनी डोळे उघडून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हातारी माणसं परक्या घरातून आपल्या घरी आली की जसा दिसतो तसा.

“बरं झालं,” ते म्हणाले. “तू जा, पोरी. म्या हितंच.”

घाटाच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभे होते, त्यांचे भोंगे ऐकू येत होते. चिमट्यांचं खरं सांगितलं तर आबा ते खाली जाऊन सगळ्यांना सांगणार, कारण खोटं बोलणं त्यांना येतच नव्हतं. मग गाव सामान उतरवून पुन्हा वर येणार. नाही सांगितलं तर पावसात डोंगर येणार आणि आबा इथं, या दगडाजवळ बसलेले असणार. मी फार विचार केला असं म्हणणार नाही. माझा बाप समोर उभा होता.

“आबा, तो कौल आईचा नाही.”

“आईचाच असतुया.”

“नाही. माझा आहे.”

मी सगळं सांगितलं. मेण, चिमटे, जांभळी कड. ते रागावले नाहीत. त्यांनी पडलेलं फूल उचललं आणि उन्हात धरून त्याची कड पाहिली. मग तांदळ्यावर चिकटलेलं फूल अलगद काढलं आणि तेही पाहिलं.

“ह्येला चिमटा हुता?”

“हो.”

“मंजी गावाला तू उठीवलंस.”

“हो आबा.”

“आन मला थांबीवलंस बी तूच.”

“नाही हो. ते तुमच्या हाताला आलं तसं आलं.”

“मग ह्या सगळ्यात आई कुटं हुती?”

माझ्याकडं पाकळीच्या मेणाचे आकडे होते आणि ते बरोबर होते, पण आबा ते विचारत नव्हते.

खालून पुन्हा भोंगा वाजला. आबांनी तांदळ्याला डोकं टेकवलं, मुखवट्याचं गाठोडं डोक्यावर घेतलं.

“खाली कुनी इचारलं तर म्या खोटं बोलायचा न्हाई,” ते म्हणाले.

“मग?”

“मग म्या बोलायचाच न्हाई.”

तिथून त्यांनी बोलणंच बंद केलं. ट्रॅक्टरवर चढताना इंदूकाकींनी हात दिला, विचारपूस केली, आबांनी नुसती मान हलवली. आई सुटली म्हणून गुरवानं मौन धरलं, असं गाव समजलं. त्यांचे पाय धरायला लोक येऊ लागले.

आषाढात डोंगर आला. राई, तांदळा, घरांची जोती, सगळं एका सकाळी मातीखाली गेलं. एक माणूसही गेलं नाही. इंदूकाकींच्या सुनेला त्याच महिन्यात मुलगी झाली आणि तिचं नाव वाघजाईवरून ठेवलं. नव्या वाडीत घरोघर आईच्या कौलाचं कौतुक चाललं होतं. देव तारी त्याला कोण मारी, असं म्हणून लोक माझ्यासमोर हात जोडायचे, कारण फुलं मी आणली होती. मी मान डोलवायची. दुसरं काय करणार?

आबा माझ्याकडंच राहत होते. पूजा त्यांनी पुतण्याला देऊन टाकली होती. मी वाढलेलं ताट ते घ्यायचे नाहीत, स्वतःच्या हातानं भाकरी थापून खायचे. रागावून ओरडले असते तर मी सहन केलं असतं. त्या शांत स्वयंपाकघरात, त्यांच्या भाकरीच्या थापण्याच्या आवाजात मला रडू यायचं. मी माणसं वाचवली होती आणि माझ्या बापाचं जे होतं ते सगळं काढून घेतलं होतं, आणि ही दोन्ही वाक्यं खरी होती.

दिवाळीनंतर एके सकाळी आबा माझ्यामागून चालत केंद्रात आले. रात्रघरात शिरले, घोंगडी ओढून घेतली आणि टांगलेल्या हिवकळ्या एकेक करून पाहिल्या. आता एकाची सात झाडं झाली होती. वैशाखात कांडी कापताना देठांवरून उतरवलेले चिमटे त्या झाडाच्या फांदीला अजून तसेच लटकत होते. मला ते काढायचा धीर झाला नव्हता. आबांनी ते एकेक सोडवले, माझ्या तळहातावर ठेवले आणि माझी मूठ मिटली.

त्यानंतर ते रोज यायला लागले. कोणत्या मुळाचा रंग कसा आहे ते पाहायचे, पांढरं असेल तर फवाऱ्यानं पाणी द्यायचे. पहिल्या आठवड्यात लाडानं जास्त दिलं आणि एक झाड बुंध्याशी मऊ पडलं. त्यांनी ते झाड हातात धरलं, वास घेतला, आणि पुन्हा तशी चूक केली नाही. दाराजवळ थंडी कमी पडते हे त्यांना माझ्या तक्त्यावरून कळलं असावं, कारण दर दोन दिवसांनी ते झाडांच्या जागा बदलायचे. दारातलं आत, आतलं दारात. सगळ्यांना सारखी थंडी. यंत्राच्या पडद्यावरच्या थंडीच्या नोंदींवरून मला कुठल्या फुलावर किती मेण धरणार ते कळायचं. मी तो पडदा बंद केला.

माघात सगळी झाडं एकदमच फुलली. आबांनी एक कांडी कापली. नव्या वाडीच्या टोकाला एक लहानसं देऊळ बांधलं आहे, त्यात नदीतून आणलेला एक दगड आहे आणि त्याच्यावर मुखवटा. भर दुपारी तिथं कुणी नव्हतं. आबांनी मुखवटा बाजूला ठेवला, दगडाला पाणी घातलं. खालचं फूल उजवीकडं लावलं, टोकाचं डावीकडं. मला हातानं खूण करून समोर बसवलं आणि स्वतः माझ्या शेजारी बसले. मग हात जोडून डोळे मिटले. प्रश्न त्यांनी मनातच विचारला.

मी फुलांच्या कडा पाहिल्या नाहीत. मी खाली फरशीकडं पाहत बसले. असं न कळणं मला नवीन होतं, आणि त्यात मला भीती वाटत होती, इतकी भीती त्या वैशाखातही वाटली नव्हती. एखादं फूल पडल्याचा आवाज येतो का म्हणून मी कान देऊन होते. बाहेर कुणाची तरी म्हैस गेली. देवळाच्या दारातलं ऊन सरकत पायरीवर आलं, मग पायरी उतरून गेलं.

शेवटी न राहवून मान वर केली. दोन्ही फुलं जागच्या जागी होती. आबांचे डोळे उघडे होते आणि ते फुलांकडं नाही, माझ्याकडं पाहत होते. किती वेळापासून ते मला माहीत नाही.

त्यांनी घसा साफ केला. आवाज गंजलेल्या कडीसारखा निघाला.

“ऊठ,” आबा म्हणाले. “भाकरी खाऊन घे. तिला टाइम लागंल.”